मास्तरांच्या तीन सुऱ्या

मास्तरांनी अडतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापलं. मोठा लॉट असला की कापडाचे थर एकावर एक अंथरून मशीन चालवायची, आणि नमुन्याचा कपडा असला की बारा इंची हातकात्री. खडूच्या रेघेवरून त्यांची कात्री निघाली की शेजारचे कारागीर हातातलं काम थांबवून बघत. धारेच्या बाबतीत मास्तर नाकावर माशी बसू देत नसत. स्वतःची कात्री ते तेलकट फडक्यात गुंडाळून घरी नेत, सकाळी परत आणत. लेक सात वर्षांची असताना तिने एकदा त्या कात्रीने शाळेसाठी कागदाची फुलं कापली. मास्तर दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. कागदाने धार जाते, हे सात वर्षांच्या पोरीला कळायला हवं होतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

स्वयंपाकघरात मात्र मास्तरांची सत्ता पाण्याच्या माठापर्यंतच. चहा करता येत होता, तोही दूध नासलेलं नसेल तर. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते ओट्याशेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत, आणि मास्तरीणबाई त्यांच्या पायांवरून वळसा घालून काम करत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटत असलंच तर ते मास्तरीणबाईंना, आणि त्या बोलल्या नव्हत्या.

मग एका सकाळी मास्तरीणबाईंच्या हातातून कप पडला आणि पाठोपाठ त्या पडल्या. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, पाय थोडाफार परत आला, पण उजवा हात मांडीवर पडून राहायला लागला. बोलणं आलं, पण एकेक शब्द मोजून. डॉक्टरांनी सांगितलं की ताजं खायला द्या, मऊ द्या, मीठ कमी, बाहेरचं नको. लेक रजा काढून आली. महिनाभर तिने सगळं केलं, आणि रजा संपायच्या आदल्या दिवशी वडिलांसमोर बसली.

"बाबा, आईला मी घेऊन जाते."

"आणि मी?"

"माझ्याकडे जागा तुम्हाला माहीत आहे. एक पलंग कसाबसा मावेल. तुम्ही शनिवार-रविवार येत जा."

"मी करीन तिचं."

"काय कराल? आजवर तुम्ही बटाटा तरी सोललाय का?"

मास्तरांनी बटाटा आठवून पाहिला. सोललेला एकही आठवला नाही. "तीन आठवडे दे मला," ते म्हणाले. लेकीने आईकडे पाहिलं. आई खिडकीकडे पाहत होती. शेवटी लेक म्हणाली की तिसऱ्या रविवारी ती गाडी घेऊन येईल, दुपारचं जेवण बाबांच्या हातचं जेवेल आणि मग काय ते ठरेल. तोवर शेजारच्या वहिनी सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवतील. म्हातारपणी बायकोला भेटायला दर शनिवारी गाडी पकडायची, या विचाराने मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सुऱ्या घ्यायला निघाले. बाकी काही येत नसलं तरी कापता येतं, असा त्यांचा हिशेब. हत्यार चांगलं आणलं की निम्मं काम झालं.

दुकान दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी. आत दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली तर एकाने बाहेर जाऊन वाट द्यावी, एवढीच रुंदी. दर्शनी काचेत लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या चौदा सुऱ्यांचा संच चमकत होता. काउंटरमागे पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडत बसल्या होत्या. मास्तरांना नंतर कळलं की या बाईंनी वीस वर्षं इस्पितळाच्या भटारखान्यात रोज चारशे माणसांच्या भाज्या चिरल्या होत्या. मनगट बोलायला लागल्यावर त्यांनी हे दुकान घेतलं होतं.

"तो संच द्या," मास्तर म्हणाले.

"तो विकायचा नाही."

"मग काचेत कशाला ठेवलाय?"

"तुम्ही आत यावं म्हणून," बाई म्हणाल्या. "काका, चौदातल्या अकरा जन्मभर ठोकळ्यात झोपा काढतात. उरलेल्या तिघी राबतात. तीन घ्या. स्वयंपाक शिकतंय कोण?"

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो. पण मास्तर ते मास्तर. "आहेत एक ओळखीचे," ते म्हणाले. "नवशिके आहेत."

"ओळखीच्यांचा हात केवढा आहे?"

"असा," म्हणत मास्तरांनी आपला हात पुढे केला आणि तो परत घ्यायला त्यांना उशीर झाला.

बाई हसल्या नाहीत, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता. त्यांनी टोपलीतला एक कांदा आणि एक मधल्या आकाराची सुरी पुढे सरकवली. "कापा. कापून दाखवल्याशिवाय मी कुणाला सुरी देत नाही."

मास्तरांना हे जरा लागलं. अडतीस वर्षं ज्याचं कापणं बघायला लोक थांबत, त्याची परीक्षा! त्यांनी सुरी नाकारली आणि भिंतीवरची सगळ्यात लांब मागितली. कापडात नियमच होता: पातं लांब, तर काप सरळ. मग त्यांनी डावा पंजा पसरून कांद्यावर सपाट ठेवला, थर हलू नयेत म्हणून कापडावर ठेवायचे तसा. आणि सुरी टेकवली.

काउंटरवर लाकडी उलथनं धाडकन आपटलं. "बोटं!"

मास्तरांनी दचकून हात काढला. कांदा घरंगळत दगडापाशी जाऊन थांबला.

"काय काम करत होता?" बाईंनी विचारलं.

"कटिंग मास्तर. कपड्यांच्या कारखान्यात."

"वाटलंच. मास्तर, कापड गोल नसतं. आणि एवढी तलवार कशाला हवी? कांद्याचा सदरा बेतायचाय का?" मग त्यांनी त्यांची बोटं धरून आत दुमडली, नखं लपवली, अंगठा मागे घेतला. "पेरं पुढे, नखं आत. सुरी पेरांना घासून चालली पाहिजे. आधी कांद्याचे दोन भाग करा, सपाट बाजू खाली ठेवा. आता बघा पळतो का."

कांदा पळाला नाही. पण मास्तरांना हवी ती सुरी काही मिळाली नाही. बाईंनी त्यांना चार बोटांएवढ्या पात्याची, साल काढायची छोटी सुरी दिली. "आठ दिवस हीच. सोला, डोळे काढा, देठ काढा, मऊ भाज्या चिरा. मग कापायची फळी घेऊन या."

"फळी कशाला?"

"तुम्ही सांगाल की छान चाललंय. मी फळी बघेन."

पहिला आठवडा कसा गेला, हे मास्तरांना विचारू नये. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. कधी बटाटा वाईट होता, कधी सुरी लहान होती, कधी ओटा उंच होता. बटाट्याच्या साली जाड निघत आणि बटाटे बोराएवढे उरत. चौथ्या दिवशी त्यांनी गाजरं घेतली, टेप काढली आणि प्रत्येक तुकडा दोन सेंटिमीटरवर खूण करून कापला. दीड तास लागला. दुपारचं जेवण चार वाजता झालं. मास्तरीणबाईंनी डाव्या हाताने चमच्यात एक तुकडा उचलला, उजेडात धरला आणि बराच वेळ लावून म्हणाल्या, "इस्त्री... राहिली."

मास्तरांना समजायला एक क्षण लागला. मग ते हसायला लागले. झटका आल्यापासून मास्तरीणबाईंनी केलेली ही पहिली थट्टा. गाजर आतून कच्चं होतं, पण दोघांनी ते संपवलं.

आठ दिवसांनी बाईंनी फळी हातात घेऊन तिरकी धरली, बोट फिरवलं. सगळ्या खुणा मधोमध एका जागी, सरळ आणि खोल. "दाबताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "कात्री मिटायची असते, म्हणून हाताला दाबायची सवय. सुरी दाबायची नाही, सरकवायची. पुढे नेत खाली आणायची." त्यांनी सात इंची मोठी सुरी काढली. अंगठा आणि तर्जनीने पातं मुठीच्या जरा पुढे चिमटीत कसं धरायचं, टोक फळीवर टेकवून मागची बाजू वर-खाली कशी न्यायची, हे करून दाखवलं. मास्तरांनी तीन गाजरं चिरली. तिसऱ्याला हाताला काहीतरी उमगलं. खडूच्या रेघेवर कात्री लागायची तेव्हा व्हायचा तसा आनंद त्यांना झाला आणि तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसलाही.

"आता तिसरी द्या," ते घाईने म्हणाले. "माझे अकराच दिवस उरलेत."

"कसले अकरा दिवस?"

मास्तर हातातली सुरी फडक्याने पुसायला लागले. बाईंनी ताणलं नाही. "तिसरी द्यायच्या आधी मला घरातली जुनी सुरी बघायची आहे. आजवर कशाने कापत होता तुमच्याकडे? ती आणा."

घरी गेल्यावर मास्तरांनी ओट्याखालचा खण उघडला. सुरी एकच होती. त्यांनी ती पेपरात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाऊन काउंटरवर ठेवली.

बाईंनी पेपर सोडला. मग चष्मा पुसून परत लावला. पातं मधे झिजून आत गेलं होतं, टोक कधीच मोडलं होतं. मूठ सैल झालेली, तिच्यावर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून बारीक टाक्यांनी शिवलेली. पट्टी मास्तरांनी ओळखली. कारखान्यातून पुसायला म्हणून आणलेल्या चिंध्यांतली होती.

"ही दगडावर घासलेली नाही," बाई म्हणाल्या. "ही कपाच्या बुडावर घासलीय. कपाला खाली खरखरीत कड असते ना, तिच्यावर. एक-दोन वर्षं नाही, तीस-पस्तीस वर्षं तरी." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "आणि घरात तुम्ही. कटिंग मास्तर."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मास्तरांनी सुरी उचलली आणि सवयीने अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. धार नव्हतीच. असं पातं त्यांना कारखान्यात कुणी दिलं असतं, तर त्यांनी ते भिंतीवर भिरकावलं असतं आणि दिवसभर आरडाओरडा केला असता. पहाटे साडेपाचला त्यांचा डबा भरला जायचा. अडतीस वर्षांत डब्यातल्या भाजीचा एक तुकडा कधी वेडावाकडा निघाला नव्हता. या पात्याने! एवढं सरळ कापणं आपल्याला जमलं नसतं, हे त्यांना त्या काउंटरपाशी उभं राहून कळलं.

"ती कधी बोलली नाही मला," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत?"

मग मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. पडलेला कप, मांडीवरचा हात, लेकीची गाडी, तिसरा रविवार. ओळखीचे नवशिके कोण, तेही सांगितलं, जणू बाईंना ते माहीतच नव्हतं. बाईंनी तोवर दगड पुसून ठेवला होता.

"डावा हात चालतो ना त्यांचा?"

"चालतो."

बाई आत गेल्या आणि करवतीसारख्या दातांची एक सुरी घेऊन आल्या. तिची मूठ पात्याच्या वर उचललेली होती, म्हणजे मूठभर धरून पुढे-मागे नुसती ओढायची, जोर लावायचा नाही. दुकानातली एक नवी फळी त्यांनी उलटी केली, आरपार दोन भोकं पाडली, खालून न गंजणारे दोन खिळे बसवले आणि डोकी लाकडात नीट बुडवली. वरच्या बाजूला टोकं दोन बोटं वर आली. एका टोकावर त्यांनी कांदा खोचला आणि दुसरा हात न लावता चिरला. "दुसरा हात हवा तो धरायला. धरायचं काम खिळे करतात. फळीखाली ओलं फडकं घाला, सरकणार नाही. काम झालं की टोकांवर बुचं लावा. इस्पितळात आम्ही असंच करत होतो."

"पण नवशिक्याची तिसरी सुरी पाव कापायची असते म्हणतात ना?"

"पाव कापा की. मी तीन म्हटलं ते एका घराला. ही तुमची नाही, त्यांची."

मास्तरांना आभार मानायचे होते. कारखान्यात आभार मानायची पद्धत नव्हती, घरात तर नव्हतीच, त्यामुळे शब्द कुठून सुरू करायचे तेच त्यांना सुचेना. "बाई, तुमचे फार..." एवढं झालं. "माझे राहू दे," बाई म्हणाल्या. "मी दुकान चालवते. घरी जा आणि तिथे माना."

मास्तर खरंच घरी गेले आणि चप्पलही न काढता बायकोसमोर उभे राहिले. "अगं, मी तुला एकदाही धार लावून दिली नाही. आणि तू मला रोज वेळेवर जेवायला घातलंस. कसं केलंस गं? मी तुझा फार ऋणी आहे." हे सगळं त्यांनी एका दमात म्हटलं, मधे थांबलो तर पुढचं येणार नाही या भीतीने.

मास्तरीणबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "धार..." त्या सावकाश म्हणाल्या, "कात्रीला... लावायचात ना. दमून... यायचात." आणि थोड्या वेळाने, "चप्पल... काढा."

त्या दुपारी त्यांनी डाव्या हाताने अर्धा बटाटा कापला. चार तुकडे झाले, चारही वेगळ्या मापाचे. सुरी ठेवून त्या रडल्या आणि मास्तरही रडले. मग दुसरा अर्धा कापला. चार दिवसांत घेवड्याच्या शेंगा जमायला लागल्या. हात सापडला तशी जीभही सापडली असावी, कारण आठवड्याच्या शेवटी मास्तरांना दिवसभर हुकूम मिळत होते. गॅस बारीक. झाकण ठेवा. ढवळू नका सारखं. आणखी शिजू द्या. मास्तर मुकाट्याने करत. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, पण इथे उंटावर बसलेल्या बाईला शेळ्यांची खडान्‌खडा माहिती होती.

तिसऱ्या रविवारी लेक अकरा वाजता आली. हातात आईच्या कपड्यांसाठी मोठी रिकामी बॅग होती. ती आत शिरली तर आई ओट्याजवळच्या खुर्चीत, मांडीसमोर टेबल, टेबलावर फळी, फळीवर खिळ्याला लावलेला बटाटा, आणि आईच्या डाव्या हातात दातेरी सुरी.

"आई! हात कापशील! बाबा, हे काय चालवलंय?" ती सुरी घ्यायला धावली.

मास्तरीणबाईंनी सुरी बाजूला धरली, कोपर पुढे केलं आणि म्हणाल्या, "सरक. उजेड... अडतो."

लेक सरकली. भिंतीला टेकून ती पाहत राहिली. बाबा मोठ्या सुरीने कोबी चिरत होते, पेरं पुढे, नखं आत, आणि आई मधेमधे न बघता सांगत होती, "जाड... होतेय." बाबा "हो" म्हणत होते. बाबांना "हो" म्हणताना लेकीने आजवर कधी ऐकलं नव्हतं.

साडेबाराला मास्तरांनी ताटं मांडली. घेवडा-बटाट्याचं सूप, मऊ भात, कोबी. मग ते खुर्चीपाशी गेले, बायकोला आधार देऊन उठवत म्हणाले, "चल गं, जेवायला चल. गरम आहे तोवर."

सूप चांगलं होतं. भात जरा जास्तच मऊ होता. कोबी एका बाजूने करपली होती, आणि मास्तरांनी तीच बाजू आपल्या ताटात घेतली होती, तरी थोडी सगळ्यांकडे गेलीच. लेक जेवली. मग तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, तुम्ही केलंत, मी नाही म्हणत नाही. पण हे तीन आठवडे झाले. तुम्ही अडुसष्ट वर्षांचे आहात. रोज, दोन वेळा, वर्षानुवर्षं जमेल?"

मास्तरांच्या बोटांना दोन ठिकाणी पट्ट्या होत्या. त्यांनी हात टेबलाखाली घेतला. "माहीत नाही," ते म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण समोर जेवण होतं. "हिला जमलं होतं. मी प्रयत्न करीन."

लेक आईकडे वळली. "आई, तूच सांग. माझ्याकडे तुझं सगळं नीट होईल. चलतेस?"

मास्तरांनी ताटाकडे पाहिलं.

मास्तरीणबाईंना शब्द जमवायला वेळ लागला. लेकीने मधे काही सुचवलं नाही, थांबली.

"लग्न झाल्यापासून... ह्यांना जेवायला... मी हाक मारली," त्या म्हणाल्या. "रोज. आता... हे मला हाक मारतात." त्यांनी दम घेतला. "थोडे दिवस... ऐकू दे की मला."

लेकीने डोळ्यांवरून हाताचा मागचा भाग फिरवला, नाक ओढलं आणि आपलं ताट वडिलांपुढे केलं.

"बाबा, कोबी वाढा थोडी," ती म्हणाली. "करपलेली चालेल."